जुनी महागडी मोटार : घेण्याचा भाव आणि पोसण्याचा खर्च



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. खेड्यातल्या माणसाला आणि शाळामास्तरांना फेरारी-लॅम्बोर्गिनीच्या मोटारींशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण पुण्याच्या आसपासची स्थिती आपण पाहतच आहात. हिंजवडी, वाघोली, चाकण या भागांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जमिनीला सोन्याचे मोल आले. गुंठ्यावर जमीन विकून श्रीमंत झालेल्या माणसाला 'गुंठामंत्री' हा शब्दही लोकांनी तयार केला. हातात एकरकमी पैसा आला की पहिली नजर मोटारीकडे जाते. आणि आता मोबाईलवर रोज जाहिराती दिसतात : 'चार कोटींची गाडी, फक्त दीड कोटीत.' अडीच कोटी वाचले, असे वाटून तरुण मुलगा बापाच्या मागे लागतो. ते अडीच कोटी खरोखर वाचले का, एवढ्याच प्रश्नाचा आज आपण शांतपणे विचार करू. जी रीत या मोटारीला लागू आहे, तीच जुन्या ट्रॅक्टरलाही लागू पडते. तेव्हा हा हिशोब कोणालाच परका नाही.

भाव उतरतो म्हणजे काय होते, हे समजून घ्यायला पुण्याच्या मंडईसारखी दुसरी शाळा नाही. सकाळी मंडईत गेलात तर मेथीची जुडी ताजी, टवटवीत असते. भाव ताठ असतो. दिवेलागणीला तीच जुडी अर्ध्या भावात पदरात पडते. कांदा-लसणाचे तसे नाही. तो चार दिवस ठेवला तरी भाव एकदम पडत नाही. आणि जुन्या चिंचेचे, जुन्या गुळाचे तर उलटेच. जाणते गिऱ्हाईक औषधासाठी मुद्दाम जुना गूळ मागते आणि त्याला दोन पैसे जास्त मोजते. म्हणजे 'जुने' हा शब्द एकच. पण तो मेथीला लागला की भाव पाडतो आणि गुळाला लागला की चढवतो.

मोटारींतही हे तिन्ही प्रकार आहेत. आपल्या नेहमीच्या घरगुती मोटारी कांद्याच्या जातीच्या. त्यांना गिऱ्हाईक भरपूर, दुरुस्ती गावोगाव, त्यामुळे भाव हळूहळू उतरतो. अतिवेगवान मोटारी, ज्यांना आता सगळेच सुपरकार म्हणतात, त्या बहुतेक मेथीच्या जातीच्या. ब्रिटनच्या मॅक्लारेन कंपनीने २०११ साली एमपी४-१२सी नावाची मोटार बाजारात आणली. अमेरिकेत तिची नवी किंमत सुमारे सव्वादोन लाख डॉलर होती. दहा वर्षे उलटण्याच्या आत ती जुन्या बाजारात लाख डॉलरच्या आसपास मिळू लागली. याच कंपनीने १९९२ ते १९९८ या काळात एफ१ नावाची मोटार केली होती. त्या मोटारी सगळ्या मिळून फक्त १०६ झाल्या. त्यांतली एक ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत लिलावात दोन कोटी डॉलरच्या वर गेली. ही झाली गुळाची जात. कारखाना एकच, पण एक मोटार अर्ध्यावर आली आणि दुसरी कित्येक पटींनी चढली. याचे मुख्य कारण संख्या. जी वस्तू पुन्हा होणार नाही आणि जिच्यामागे जगभरचे शौकीन लागले आहेत, तीच चढते. जाहिरातीतील बहुतेक मोटारी त्या जातीच्या नसतात. विकणारा मात्र प्रत्येक जुडी गूळ म्हणूनच विकतो.

आता आपल्या माहितीतील उदाहरण घेऊ. सचिन तेंडुलकर यांनी २००२ साली सर डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली. त्याबद्दल फियाट कंपनीतर्फे त्यांना फेरारी ३६० मोडेना ही मोटार भेट मिळाली. इंग्लंडात सिल्व्हरस्टोन येथे मायकेल शूमाकर यांच्या हस्ते ती देण्यात आली. मोटार भारतात आणायची वेळ आली तेव्हा कराचा प्रश्न उभा राहिला. गाडीची किंमत पाऊण कोटीच्या घरात आणि आयात कर १ कोटी १३ लाख! सरकारने २००३ साली तो माफ केला, त्यावर देशभर गदारोळ झाला आणि अखेरीस ती रक्कम फियाट कंपनीने भरली. पुढे २०११ साली तेंडुलकरांनी ही मोटार सुरतेच्या एका उद्योजकाला विकली.

या गोष्टीतून आपल्याला दोन धडे घेता येतात. पहिला असा की, फुकट मिळालेली मोटारसुद्धा फुकट नसते. दुसरा धडा कराचा. परदेशी बनावटीच्या अशा मोटारीच्या किमतीत मोठा वाटा मोटारीचा नसून करांचा असतो. कर हा काही गाडीचा भाग नव्हे. त्याने चाक फिरत नाही. पण गाडी विकताना आपण तोही किमतीत धरून बसतो. सरकारने कर कमी केला की नवी गाडी स्वस्त होते आणि आपल्या दारातली जुनी गाडी जागच्या जागी उतरते. अशा बदलांची उदाहरणे ताजी आहेत. मोठ्या मोटारींवर वस्तू व सेवा कर आणि उपकर मिळून शेकडा ४५ ते ५० च्या आसपास पडत असे. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शेकडा ४० झाला. तसेच २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. त्यात ठराविक संख्येच्या ब्रिटिश मोटारींवरील आयात कर टप्प्याटप्प्याने शेकडा ११० वरून १० वर आणण्याचे ठरले. असा एक निर्णय झाला की जुन्या गाडीचा भाव मालकाला न विचारता हलतो. जमिनीचा भाव पावसाच्या लहरीवर नाही. पण या मोटारीचा भाव दिल्लीच्या अंदाजपत्रकावर आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. चार कोटींची गाडी दीड कोटीत आली. तिची किंमत उतरली. पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरली का? मुळीच नाही. तिचा ब्रेक, तिचा क्लच, तिचा दिवा हे सारे चार कोटींच्या गाडीचेच राहतात. तेल बदलण्याची मजुरी चार कोटींच्या गाडीच्या हिशोबानेच आकारली जाते. आपल्याकडे म्हणच आहे : चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कोंबडी स्वस्त झाली म्हणून मसाला स्वस्त होत नाही. उलट गाडी जुनी होत जाते तसा मसाला जास्तच लागतो, आणि तो बाहेरदेशातून येत असल्याने रुपया घसरला की आणखी महागतो. २००२ साली एक डॉलर पन्नास रुपयांच्या आत होता. २०२५ साली तो ८५ च्या वर गेला.

हा मसाला कशाकशाचा, ते थोडक्यात पाहू. आपल्या साध्या गाडीचा भाग मोडला तर नाना पेठेत जावे. नवा नाही तर जुना, काही ना काही मिळतेच. फेरारीचा भाग तिथे मिळणार नाही. या कंपन्यांची अधिकृत दुकाने मुंबई-दिल्लीसारख्या मोजक्या शहरांत आहेत. तेव्हा पुण्यात गाडी बंद पडली तर तिला सपाट मालमोटारीवर चढवून मुंबईला न्यावी लागते. साधी दोरी बांधून ओढता येत नाही. फेरारी ३६० चेच यंत्र पाहा. इंजिन पुढे नाही, माणसाच्या पाठीमागे आहे. त्यात झडपांची हालचाल सांभाळणारा रबरी पट्टा असतो. तो गाडी चालो वा उभी राहो, काही वर्षांनी बदलावाच लागतो. न बदलता तुटला तर इंजिनच आतून मोडते. तिच्या आधीच्या ३५५ या गाडीत तर हा पट्टा बदलण्यासाठी सबंध इंजिन खाली उतरवावे लागे. ३६० मध्ये आसनांमागे झडप ठेवून ते काम सोपे केले, म्हणून जाणकारांनी कौतुक केले! यावरून कल्पना यावी. मागचे रुंद टायर मऊ रबराचे असतात. पकड उत्तम, पण झीज लवकर. एका टायरला अर्धा लाख रुपये सहज लागतात. काही गाड्यांना कार्बन-सिरॅमिकच्या ब्रेक-चकत्या असतात. त्यांचा पूर्ण संच बदलायचा तर तेवढ्या पैशांत एक नवी घरगुती मोटार येते.

आणि अशी गाडी न चालवता झाकून ठेवली तरी खर्च थांबत नाही. बॅटरी उतरते, रबर कडक होते, टायर एका जागी दबतात. बैल दावणीला बांधला तरी वैरण खातोच, तसे हे आहे.

विम्याचा भाग थोडा समजावून घेतला पाहिजे. विमा कंपनी गाडीची एक किंमत धरते. विम्याच्या तक्त्याप्रमाणे नव्या गाडीच्या किमतीतून सहा महिन्यांपर्यंत शेकडा ५, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० असा घसारा वजा होतो. पाच वर्षांनंतरची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. दुसरी गोष्ट अशी की, साध्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांची भरपाई निम्मीच मिळते. अशा मोटारीचे पोट जमिनीपासून चार-पाच इंचांवर असते. मंडईच्या आसपासच्या गल्ल्यांत किंवा गावच्या वेशीवरच्या गतिरोधकावर पुढचा ओठ घासला की तो भाग बहुधा याच निम्म्या भरपाईच्या यादीत निघतो. अधिक हप्ता भरून पूर्ण भरपाईची सोय घेता येते; पण फार जुन्या गाडीला ती सहसा मिळत नाही.

आता कागदपत्रे. येथे लहान रकमेचा आळस मोठा घात करतो. पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ च्या पहाटे एका भरधाव पोर्शे मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. ती गाडी मार्चपासून कायम नोंदणीवाचून होती आणि त्याचे कारण १,७५८ रुपयांचे शुल्क भरलेले नव्हते, असे तेव्हा परिवहन खात्याने सांगितले. गाडीची किंमत कोटीच्या पुढे आणि बाकी राहिली ती दोन हजारांच्या आतली!

जुनी गाडी घेताना कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने भरतात. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याची नोंद ३५ क्रमांकाच्या नमुन्याने करून घ्यावी. हे काम 'होईल सावकाश' म्हणून ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, नोंदवहीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. गाडी हातोहात चार जणांना विकली गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते. म्हणजे विकणाऱ्यालाही स्वस्थ झोपायचे असेल तर नाव बदलल्याची खात्री केली पाहिजे. गाडी परराज्यात नोंदलेली असेल तर ती स्वस्त दिसते. पण महाराष्ट्रात कायमची वापरायची तर येथील कर भरावा लागतो. या राज्यात महागड्या मोटारींवरील एकरकमी कराची मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख रुपयांवर नेली आहे. शिवाय नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे ती पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि परदेशातून आयात केलेल्या मोटारीला त्याचे शुल्क साध्या मोटारीच्या आठपट आहे.

आता फळ्यावर एक हिशोब मांडू. शिक्षक-बंधुभगिनींनी तो वर्गात जरूर करून घ्यावा. आकडे समजुतीचे आहेत. आपापल्या चौकशीप्रमाणे बदलावेत. समजा, सहा वर्षांची गाडी दीड कोटीला घेतली आणि ती वर्षाला ३,००० किलोमीटर चालली. दीड कोटी रुपये बँकेत शेकडा ७ व्याजाने ठेवले असते तर १० लाख ५० हजार मिळाले असते, ते गेले. वर्षाला शेकडा ८ घसारा धरला तर १२ लाख गेले. विमा ३ लाख. देखभाल, टायर, किरकोळ दुरुस्ती आणि मुंबईची ने-आण ६ लाख. पेट्रोल पाच किलोमीटरला एक लिटर, म्हणजे ६०० लिटर. १०० रुपये भावाने ६० हजार. एकूण बेरीज ३२ लाख १० हजार. महिन्याला पावणेतीन लाखांच्या आसपास आणि किलोमीटरला १,०७० रुपये! पुण्याहून सासवडला जाऊन आले तरी साठ-सत्तर हजारांचा फडशा.

या बेरजेत एक गंमत आहे. आपल्याकडे कोणाचीही गाडी पाहिली की पहिला प्रश्न असतो, 'ॲव्हरेज किती देते?' येथे पेट्रोलचा खर्च सबंध खर्चाच्या शेकडा दोनही नाही. जो खर्च डोळ्यांना दिसतो, रोज पंपावर खिशातून जातो, तो सर्वांत लहान. व्याज आणि घसारा हे कधी बिल पाठवत नाहीत, म्हणून ते कोणी मोजत नाही. आणि तेच दोघे मिळून दोन-तृतीयांश पैसा खातात. आणि क्लच किंवा गिअरपेटीने एकदा दगा दिला तर वरच्या बेरजेत आणखी काही लाख मिळवायचे.

एवढा पैसा ओतून काय मिळते, तेही पाहू. फेरारी ३६० ताशी २९० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावर मोटारीला कमाल १२० ची परवानगी आहे आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सपाटीला १००. म्हणजे जी ताकद विकत घेतली तिच्यापैकी निम्म्याहून अधिक वापरणे हा गुन्हा आहे. लग्नाच्या वरातीत फिरवायची तर बैलगाडीच्या वेगाने फिरवावी लागते.

मग अशी गाडी कोणीच घेऊ नये काय? तसे माझे म्हणणे नाही. यंत्राची आवड ही चांगली आवड आहे आणि उत्तम यंत्र हे माणसाच्या बुद्धीचे फळ आहे. ज्याला वर्षाचा हा खर्च उत्पन्नातून, मुद्दलाला हात न लावता करता येतो, त्याने खुशाल घ्यावी. त्याला जुनी गाडी नव्यापेक्षा शहाणपणाचीच. कारण पहिल्या वर्षांतला मोठा घसारा आधीच्या मालकाने सोसलेला असतो. मात्र घेताना सर्व्हिसची वही पानन् पान पाहावी. गाडी कंपनीच्या जाणकाराकडून तपासून घ्यावी, त्याचे शुल्क देताना हात आखडू नये. विम्याचे पूर्वीचे दावे विचारावेत, म्हणजे मोठा अपघात लपत नाही. चासी क्रमांक कागदांशी ताडून पाहावा. आणि पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी किमतीचा दहावा हिस्सा वेगळा काढून ठेवावा. तो काढता येत नसेल तर गाडी परवडत नाही, हे उत्तर तिथेच मिळाले.

हीच कसोटी जुना ट्रॅक्टर, जुने जेसीबी, ऊसतोडणीचे यंत्र यांनाही लावावी. फरक एवढाच की ती यंत्रे कमावतात. कमावणारी वस्तू आणि खाणारी वस्तू हा भेद आपल्या बायाबापड्यांना पुस्तकावाचून कळतो. म्हैस घेताना त्या आधी तिचे दूध विचारतात, मग तिची शिंगे पाहतात.

मोठ्या खर्चाकडे कसे पाहावे, याचा धडा मंडईच्या इमारतीतही आहे. अष्टकोनी मनोऱ्याची ही देखणी इमारत १८८६ साली पुरी झाली. तेव्हा तिचे नाव रे मार्केट. महात्मा जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या लाखांच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा आधी गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे मत होते. इमारत झाली, गाळे लागले, त्यांचे भाडे येऊ लागले आणि शेकडो कुटुंबांची पोटे तिच्यावर भरली. पुढे तिलाच फुल्यांचे नाव दिले गेले. पण 'याच पैशात दुसरे काय झाले असते?' हा त्यांचा प्रश्न इमारतीबरोबर संपला नाही. प्रत्येक मोठ्या खरेदीआधी तो विचारण्यासारखा आहे.

त्याचे एक उत्तर पुण्याजवळच सापडते. हडपसरच्या मगरपट्ट्यातल्या शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन सुटी-सुटी विकून टाकली नाही. त्यांनी ती एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेऊन ते स्वतःच वसाहतीचे मालक झाले. त्यांच्याही दारात आज मोटारी असतील. पण त्या भाड्याच्या उत्पन्नावर उभ्या आहेत, विकलेल्या गुंठ्यांवर नाहीत.

तेव्हा घरात कोणी म्हणाले की, 'चार कोटींची गाडी दीड कोटीत मिळते आहे,' तर रागावू नका. त्याला कागद-पेन्सिल द्या आणि व्याज, घसारा, विमा, देखभाल, कर हे पाच आकडे मांडायला सांगा. बेरीज त्याच्याच हाताने होऊ द्या. दुसऱ्याने सांगितलेली अक्कल तरुणाला रुचत नाही. स्वतः केलेली बेरीज मात्र त्याला खोटी म्हणता येत नाही.